रो हाउसमध्ये क्लाउड किचन : महापालिका धंदा बंद करू शकते की नुसती नोटीस पाठवू शकते?

गच्चीतला_कावळा
नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या उपनगरात) राहतो, कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. सिडकोची जुनी रो हाउसेस, भिंतीला भिंत. शेजारचं घर मालकाने भाड्याने दिलं आणि तिथे क्लाउड किचन सुरू झालं. बाहेर पाटी नाही, आत गिऱ्हाईक बसत नाही, पण ॲपवर बघाल तर वेगवेगळ्या नावांची हॉटेलं त्याच एका ओट्यावरून चालतात, बिर्याणी एका नावाने, चायनीज दुसऱ्या, थाळी तिसऱ्याच. मागच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून भट्टी बसवलीय, धुराड्याचं तोंड बरोबर आमच्या दोरीवरच्या कपड्यांकडे. शर्ट धुऊन वाळत घातला की संध्याकाळी त्याला फोडणीचा वास. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये तेल थिजून पांढरा थर बसतो आणि पाणी आमच्या बाजूने वर येतं. रात्री उशिरापर्यंत डिलिव्हरीवाल्यांच्या बाइक, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही म्हणा.

तक्रार केली, माणूस आला, फोटो काढून गेला, एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ५३ खाली नोटीस निघाली. मुदत कधीच उलटली, किचन चालू. विचारायला गेलं की "त्यांचा अर्ज आलाय, प्रोसेसमध्ये आहे" एवढंच. आणि किचनवाला छातीठोक सांगतो, गुमास्ता आहे, फूड लायसन्स आहे, जीएसटी भरतो, काय करायचं ते करा.

रहिवासी जागेतला धंदा बंद करायचा अधिकार महापालिकेला खरोखर आहे का? माझं मत विचाराल तर नाही. असता तर वापरला असता.

पिंट्या_कळवा
बिर्याणी कशी आहे पण?

गच्चीतला_कावळा
@पिंट्या वास चांगला येतो, तोच तर त्रास आहे.

तलावपाळी
गुमास्ता म्हणजे जागेची परवानगी नव्हे हो. २०१७ च्या नव्या दुकाने-आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी पण लागत नाही, ऑनलाइन माहिती कळवायची आणि पोच घ्यायची. ती पोच फ्रेममध्ये लावून लोक परवाना म्हणून मिरवतात. ती कामगारांच्या कामाच्या वेळा-सुट्ट्यांच्या कायद्यातली आहे, तिथे भट्टी लावायला मुभा आहे की नाही हा विषयच त्यात नाही. फूड लायसन्स अन्न स्वच्छ आहे का ते बघतं आणि जीएसटीला तर तुम्ही चंद्रावर धंदा केलात तरी चालतो, भरल्याशी मतलब.

आगरी_ठसका
वाचून गंमत वाटली. आमच्या बापजाद्यांच्या जमिनीवर शहर बसवलं, गावठाण वाढवून दिलं नाही, पोरांसाठी वर दोन खोल्या आणि खाली गाळा काढला तर तो अनधिकृत आणि लगेच हातोडा. नोडमधल्या बंगल्यात बँका, क्लासेस, स्पा, सगळं चालतं तिथे मात्र "प्रोसेसमध्ये आहे". अधिकार नाहीत असं कोण म्हणतो? अधिकार भरपूर आहेत. २०१५ ला दिघ्यात हायकोर्टाने ९९ इमारतींवर कारवाईचे आदेश दिले तेव्हा लोकं राहती घरं सोडून रस्त्यावर आली. कोणावर चालवायचे एवढाच प्रश्न असतो.

नेरळ_नव्हे_नेरूळ
@आगरी_ठसका दादा, मुद्दा मान्य, पण दिघ्याचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनीवर बिनपरवाना इमारतीच उभ्या राहिल्या होत्या. इथे घर अधिकृत आहे, वापर चुकीचा आहे.

आगरी_ठसका
पत्र्याखालची भट्टी अधिकृत आहे का? मागची जागा मोकळी ठेवायची म्हणून नकाशात दाखवलेली असते ना. ती झाकली म्हणजे बांधकामच झालं की.

निवृत्त_नकाशे
आगरी ठसका यांनी नेमकं बोट ठेवलंय, म्हणून लिहायला बसलो. नोकरीची बरीच वर्षं नगररचनेत गेली, कुठल्या महापालिकेत ते जाऊ दे.

कावळेसाहेब, अधिकार नाहीत हे तुमचं म्हणणं पटत नाही. १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात कलम २(७) मध्ये "विकास" याची व्याख्या आहे, त्यात वीट रचणं येतं तसाच जागेच्या वापरातला मोठा बदलही येतो. म्हणजे एक खिळाही न ठोकता घराचं हॉटेल केलंत तरी तो कायद्याच्या लेखी विकास आणि त्याला परवानगी लागते. नाही घेतली तर ५२ खाली गुन्हा, ५३ खाली नोटीस. इथपर्यंत बांधकाम आणि वापर यात फरक नाही.

फरक पडतो नोटीस न पाळल्यावर. ५३(६) नीट वाचा. नोटीस बांधकाम पाडायची असेल आणि मालकाने पाडलं नाही तर महापालिका स्वतः जाऊन पाडू शकते आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करू शकते. पण नोटीस "हा वापर थांबवा" अशी असेल तर तिथे मार्ग मुख्यतः खटल्याचा ठेवलाय. मालकावर आणि वापर करणाऱ्यावरही फौजदारी खटला भरायचा. तो चालणार मॅजिस्ट्रेटपुढे, पंचनामा करणारा कनिष्ठ अभियंता तोवर बदलून दुसरीकडे गेलेला, साक्षीला बोलवा, तो येणार नाही, तारीख. शेवटी शिक्षा झालीच तर दंडाची कमाल ५,००० रुपये. कायद्यात कैदही आहे पण किचन चालवलं म्हणून आत गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

म्हणून वॉर्डातली मंडळी नेहमी पत्रा शोधतात. शेड दिसली की काम सोपं, जेसीबी आणा, पोलीस बंदोबस्त मागा, अर्ध्या दिवसात मोकळे. आत चार भिंतींच्या आड धंदा चाललाय त्याला हात लावायला कोणी धजत नाही. तुमच्याकडे पत्रा आहे हे तुमचं नशीब समजा.

पिंट्या_कळवा
५,००० म्हणजे शनिवार रात्रीच्या ऑर्डरी.

हिरवी_मिरची
कमाल आहे, १९६६ सालचा दंड कोणी वाढवायचा विचारच केला नाही का?

अ‍ॅड_सावली
@निवृत्त_नकाशे सर, सहमत, पण चित्र थोडं जास्तच निराशेचं रंगवलंत. महापालिकेकडे एकच कायदा नाही. १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आहे, त्यात २६० खाली बेकायदा बांधकाम, ठरावीक धंद्यांना वेगळा परवाना, आणि २६७अ खाली अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड. (शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजणारे अशील माझ्याकडे दर महिन्याला येतात. तसं होत नाही, कलमातच लिहिलंय.) शिवाय अग्निसुरक्षेचा कायदा वेगळा.

आता कावळ्यांचा "अर्ज आलाय" हा जो प्रकार आहे त्याबद्दल. तो टोलवाटोलवीचा वाटतो पण त्याला आधार आहे. ५३(३) प्रमाणे नोटीस मिळालेला माणूस मुदतीत कलम ४४ खाली अर्ज करू शकतो, की जे आहे ते कायम ठेवायला परवानगी द्या. आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस गोठते. हे हेतू चांगला ठेवून केलंय, खिडकी थोडी मोठी झाली म्हणून कोणाचं घर पडू नये. पण धंदेवाल्यांचे कन्सल्टंट याच फटीतून गाड्या काढतात. अर्ज टाकायचा, अर्धवट टाकायचा, त्रुटी निघाली की पूर्ततेला वेळ मागायचा. किचन चालू, अर्ज चालू.

तलावपाळी
आणि ६० दिवसांत उत्तर नाही दिलं तर परवानगी मिळाली असं धरतात ना? मग तर किचनवाला जिंकलाच.

अ‍ॅड_सावली
कलम ४५(५). हो, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानीव. पण त्यालाच परंतुक आहे, प्रस्ताव विकास आराखडा आणि नियमावलीशी जुळत असेल तरच. जे मुळात नियमात बसत नाही ते साठ दिवस झोपा काढल्याने बसायला लागत नाही. कोर्टात हा मुद्दा हमखास निघतो, आणि हमखास पहिल्या तारखेला स्टे मिळवायला वापरतात.

निवृत्त_नकाशे
बाई, कागदावर बरोबर. प्रत्यक्षात साठावा दिवस उलटला की फाइल जड होते. अधिकाऱ्याला वाटतं आता नाकारलं तर "उशीर का केला" विचारतील, मंजूर केलं तर "कशी केली" विचारतील. मग तो तिसरा मार्ग काढतो, काहीच करत नाही.

उपवनचा_वारा
आमच्या ठाण्याच्या येऊरची पण थोडी चर्चा करा की. संजय गांधी उद्यानाचा इको सेन्सिटिव्ह झोन २०१६ ला अधिसूचित झाला, आणि वीकएंडला वर गेलात तर हॉटेलं, लग्नं, फ्लडलाइटवाले टर्फ. बिबट्याला सुद्धा आता डीजेची सवय झाली असेल. तिथे वनखातं, महापालिका, महसूल, पोलीस सगळे आहेत म्हणून कोणीच नाही.

नेरळ_नव्हे_नेरूळ
नवी मुंबईत तर हद्दीचा गोंधळ त्याहून भारी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत मालमत्ता कर महापालिका घेते पण नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतः. कारखान्याच्या प्लॉटवर हॉटेल निघालं तर महापालिका म्हणते तिकडे जा. नोडमध्ये नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे, पण जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. @कावळा हे तुम्ही लक्षात घेतलंय का? तुमच्या शेजाऱ्याच्या मालकाने सिडकोशी जो करार केलाय त्यात जागा कशासाठी वापरायची ते लिहिलेलं असणार, निवासी म्हणजे निवासी. किचनवाल्याला वापर बदलून हवा असेल तर सिडकोची ना हरकत पण लागेल. ती त्याने घेतलीय का?

गच्चीतला_कावळा
नाही माहीत. हे डोक्यातच आलं नव्हतं. मालक परदेशात असतो, भाडं खात्यात जमा होतं, त्याला काही पडलेली नाही.

शिलाई_मशीन
मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, घरात ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. माझ्यासारख्या कितीजणी पोळीभाजी करून देतात, ट्यूशन घेतात. तुम्ही सगळे कलमं सांगताय ती उद्या कोणी आमच्यावर लावली तर? क्लाउड किचनवाल्याकडे वकील आहे, कन्सल्टंट आहे. आमच्याकडे काय? आमच्याच बिल्डिंगमध्ये एका काकूंची पापड-कुरडयांची ऑर्डर बंद पाडली होती सोसायटीने, कायद्याची धमकी देऊन, आणि तोच सेक्रेटरी स्वतःच्या फ्लॅटमध्ये इस्टेट एजन्सी चालवत होता.

निवृत्त_नकाशे
ताई, तुम्ही निवांत शिवा. डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित नियमावली आली, यूडीसीपीआर म्हणतात तिला, मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून बहुतेक सगळीकडे लागू. त्यात निवासी विभागात घरगुती उद्योग चालतात असं स्पष्ट आहे, घरातल्या माणसांनी, बाहेरचा पगारी कामगार न ठेवता करायची कामं. शिवणकाम, भरतकाम तर नाव घेऊन लिहिलंय. विजेच्या भाराची मर्यादा आहे, पण घरच्या शिलाई मशीनला तिची चिंता नको. घरात राहणारा डॉक्टर, वकील ठरावीक क्षेत्रफळात प्रॅक्टिस करू शकतो. पिठाची गिरणीसुद्धा अटींसह चालते. तुमच्या सेक्रेटरीला सांगा बंद करायचा अधिकार सोसायटीला नाही, तिने फार तर तक्रार करावी.

हिरवी_मिरची
शिलाई ताईंच्या मुद्द्यात तथ्य आहे तरी. कारवाई तक्रारीवर चालते, म्हणजे ज्याचं शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाजलं त्याच्यावर नोटीस आणि ज्याने गणपतीला सगळ्या गल्लीला प्रसाद वाटला तो सुटला.

मी तर आणखी पुढे जाऊन म्हणते की हा झोनिंग प्रकारच आपल्याकडे किती खरा आहे? नौपाड्यात राम मारुती रोड, गोखले रोड बघा. तळमजल्याच्या किती खोल्यांची दुकानं झाली. आज कोणी म्हणालं की परत घरं करा तर ठाणेकरच मोर्चा काढतील, दिवाळीची खरेदी कुठे करायची म्हणून. सगळं अनधिकृत असं म्हणत नाही, रीतसर बदल करून घेतलेलेही असतील. पण शहर आधी बदलतं, नकाशा मागून येतो.

अ‍ॅड_सावली
दिल्लीत हेच झालं. फेब्रुवारी २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवासी जागांचा गैरवापर बंद करा म्हटलं, सीलिंग सुरू झालं, देखरेख समिती नेमली, व्यापारी रस्त्यावर उतरले. शेवटी २००७ च्या मास्टर प्लॅनमध्ये बरेच रस्ते मिश्र वापराचे धरून टाकले. उलट नोएडात २०११ ला कोर्टाने निवासी सेक्टरमधल्या बँका आणि नर्सिंग होम बाहेर काढा असं सांगितलं. तेव्हा दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत. अलीकडचं म्हणजे डिसेंबर २०२४, मेरठचं प्रकरण, निवासी भूखंडावर दुकानं. कोर्टाने पाडकाम कायम ठेवलं आणि वर असंही म्हटलं की अनधिकृत इमारतीत कुठल्याही यंत्रणेने धंद्याचा परवाना देऊ नये. हा आदेश तुमच्या किचनवाल्याच्या "लायसन्स आहे" ला थेट लागतो, निदान पत्र्याखालच्या भागापुरता. अर्जात त्याचा उल्लेख करा.

पिंट्या_कळवा
नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरवाला निकाल पण आला ना, १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडायचं नाही. म्हणजे एका महिन्यात म्हणे पाडा आणि एका महिन्यात म्हणे थांबा.

अ‍ॅड_सावली
विसंगती नाही त्यात. आधी विचारा, मग पाडा, एवढंच. आणि रस्ता-फुटपाथवरच्या अतिक्रमणाला ती १५ दिवसांची सवलत नाहीच.

तलावपाळी
अधिकाऱ्यांची बाजू पण बघा एकदा. २०२१ ला कासारवडवलीत कारवाईला गेलेल्या सहायक आयुक्त बाईंवर फेरीवाल्याने चाकूने हल्ला केला, बोटं तुटली त्यांची. दुसऱ्या दिवशी परत हातोडा घेऊन जायला कोण तयार होईल? आणि हे न करण्याचे परिणाम पण आपण पाहिलेत, ४ एप्रिल २०१३, शीळफाट्याची इमारत, ७४ माणसं गेली. २०१७ ला कमला मिलची आग, गच्चीवरचे पब, १४ माणसं. जेवायला गेलेली माणसं.

गच्चीतला_कावळा
कमला मिल वाचून एक आठवलं. मागच्या पत्र्याखाली निळे कमर्शियल सिलिंडर उभे असतात, काल मुद्दाम गच्चीवरून बघितले तर सात होते. मध्ये नुसती विटेची भिंत आणि अलीकडे आमचं देवघर.

नेरळ_नव्हे_नेरूळ
थांबा थांबा, हे आधी सांगायचं! कमर्शियल सिलिंडर १९ किलोचा. १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला वेगळा परवाना लागत नाही, त्याच्या वर लागतो. पाच म्हणजे ९५. सहावा आला की ११४, सात म्हणजे १३३. वापर-बदलाचा अर्ज वर्षभर लोंबकळला तरी याचा त्याच्याशी संबंध नाही. ५३(३) ने नोटीस गोठते, सिलिंडर गोठत नाहीत. महापालिकेच्या अग्निशमन विभागाला फोटोसकट वेगळं पत्र द्या, आजच.

हिरवी_मिरची
रिकामे असतील सात तर?

नेरळ_नव्हे_नेरूळ
असू देत, मोजायला तरी कोणी येईल.

पिंट्या_कळवा
बिर्याणीचा विषय मी मागे घेतो.

आगरी_ठसका
@कावळा मदत लागली तर सांगा, अग्निशमनमध्ये ओळख आहे. मात्र उद्या आमच्या गाळ्याचा धागा निघाला तर तुम्ही पण यायचं बोलायला.

गच्चीतला_कावळा
नक्की येईन, शब्द दिला.

अपडेट. अग्निशमनवाले येऊन गेले, बराच वेळ आत होते, नंतर काही सिलिंडर टेम्पोत भरून गेले. किचन चालू आहे. माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि त्यांच्या अर्जाची प्रत मिळाली. नकाशात मागची जागा मोकळीच. अर्जावर मालकाची सही नाही, भाडेकरूनेच केलाय, सिडकोची ना हरकत जोडलेली नाही, आणि वापर काय मागितलाय तर "स्टोअर रूम". आता पुढे काय?

निवृत्त_नकाशे
स्टोअर रूम! अहो हे तर फारच सोपं केलं त्यांनी. भट्टीचे फोटो आणि हा अर्ज शेजारी शेजारी लावून शहर अभियंत्यांकडे आणि सहायक संचालक नगररचना यांच्याकडे लेखी मागणी करा की अर्जावर निर्णय द्या. "कारवाई करा" असं लिहू नका, त्याला "कार्यवाही चालू आहे" हेच उत्तर येतं. अर्ज नाकारल्याचा आदेश मागा. तो निघाला की नोटीस पुन्हा जिवंत होते. सिडकोच्या मालमत्ता विभागालाही एक प्रत द्या, भाडेपट्ट्याचा भंग म्हणून. परदेशातल्या मालकाला महापालिकेची नोटीस बोचत नाही, सिडकोचं पत्र बोचतं, कारण पुढे विकताना त्यांच्याकडेच जावं लागतं हस्तांतरणाला.

अ‍ॅड_सावली
दोन गोष्टी वाढवते. नाकारल्यावर किचनवाला कलम ४७ खाली शासनाकडे अपील करू शकतो, निर्णय कळल्यापासून ४० दिवस. आणि १४९ ने दिवाणी कोर्टाला बंदी असली तरी तो ठाण्याच्या कोर्टात जाईलच, नोटीस नीट बजावली नाही, सुनावणी दिली नाही असं काहीतरी काढून. तेव्हा महापालिकेच्या विधी विभागाला आधीच कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा कोर्टातला अर्ज) टाकायला लेखी सांगा म्हणजे तुमच्या पाठीमागे एकतर्फी स्टे मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, तारीख लिहून ठेवा, ते विसरतात.

शिलाई_मशीन
आणि तोपर्यंत कपडे पुढच्या बाजूला वाळत घाला.

निवृत्त_नकाशे
आदेश आला की त्याचा पहिला परिच्छेद इथे टाका, नावं खोडून. त्यात ५३(३) चा उल्लेख आणि मालकाला बजावल्याची नोंद नसेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी लागेल.